आधी कोण बोलणार

२ सप्टेंबर

शेवटच्या गावात पोहोचलो. याच्यापुढे रस्ता नाही. उंची साडेतीन हजार मीटर. जिना चढून खोलीत आलो तर धाप लागली. जिन्याला नऊच पायऱ्या आहेत.

ही सहल लेकीने दिली. बाबांनी चष्म्याचं दुकान पुतण्याच्या हाती सोपवलं, आता दोघं कुठेतरी जाऊन या, म्हणाली. मी समुद्र म्हटलं. त्याला डोंगर हवे होते, आणि तेही असे जिथे झाड नाही, गवत नाही, पाऊस नाही. चौतीस वर्षं दुकानामागच्या खोलीत काचा घासल्यावर माणसाला लांबचं बघावंसं वाटत असेल. वाटू दे.

आमच्याबरोबर एकच प्रवासी आहे, दातांचे डॉक्टर. एकटेच आले आहेत. बोलके. मला पहिल्या पाच मिनिटांत वहिनी म्हणू लागले. गाइड बाई आहे, चाळिशीची, आवाज खरखरीत. तिचा स्वयंपाकी आणि चार खेचरं घेऊन एक खेचरवाला. नऊ दिवसांची वाट.

जेवताना गाइडने नियम सांगितले. डोकं दुखलं, ओकारी आली, पाय वाकडा पडू लागला तर लगेच तिला सांगायचं, लाजायचं नाही. रोज संध्याकाळी ती जमिनीवर एक दोरी पसरणार, आणि टाचेला अंगठा लावत प्रत्येकाने त्या दोरीवरून चालायचं. मग तिच्याशी दोन वाक्यं बोलायची. काहीही.

"बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "पण गार बोटावर ते मनाला येईल तो आकडा दाखवतं. जीभ जड झाली की मला कानाने कळतं."

"आणि बायको बोलूच देत नसेल तर?" डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. तोही हसला.

३ सप्टेंबर

आज मुक्काम. शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून नुसतं बसायचं. दुपारी गावामागच्या टेकाडावर जाऊन आलो. माती पिठासारखी. पाऊल उचललं की धूर निघाल्यासारखी उडते आणि बराच वेळ खाली बसत नाही.

रात्रीच्या जेवणात बिनसलं.

डॉक्टरांनी विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली. मी म्हटलं, "सत्तावीस. त्यातली बोलती पंधरा धरा."

"म्हणजे?"

"यांचा अबोला सुरू झाला की आठवडाच्या आठवडा जातो. एकदा एकोणीस दिवस. लेकीची परीक्षा तोंडावर आली म्हणून मिटला, नाहीतर अजून चालू असता."

डॉक्टरांना एवढं हसू आलं की ठसका लागला. गाइडनेही ओठ दाबले. त्याने चमचा ताटलीत ठेवला, रुमालाची चौघडी केली आणि उठून गेला.

खोलीत आले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी म्हटलं, "अहो, थट्टा होती." उत्तर नाही.

म्हणजे सुरू झालं. एवढ्या लांब येऊनसुद्धा.

४ सप्टेंबर

चालायला सुरुवात. सात तास. कोरड्या नदीच्या पात्रातून. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, मध्ये गोटे. पाणी खेचरांवर, कॅनमधून. तोंड धुवायला एक फुलपात्रभर मिळतं.

तो डॉक्टरांच्या बरोबर पुढे चालला. दुपारी थांबलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टर, त्यांना सांगा, टोपी माझ्या पिशवीत आली आहे."

मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांना सांगा, असू दे तिथेच."

"मी काय टपालखातं आहे का?" डॉक्टर म्हणाले. पण मजा वाटत होती त्यांना.

त्यांना मजा वाटते, कारण त्यांना या गोष्टीची लांबी माहीत नाही. मी नगरपालिकेत पाण्याच्या तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर माणसं अंगावर ओरडतात. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ. संध्याकाळी घरी येते तर हा असा. त्याच्या अबोल्याचे नियम मला पाठ आहेत. मी वाढलेलं खायचं नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायचं. विचारलं तर मान हलवायची, तीही हो की नाही ते कळणार नाही अशी. आणि मिटतं ते दर वेळी एकाच प्रकारे. मी आधी बोलते. चूक कोणाचीही असो. सत्तावीस वर्षांत एकदाही तो आधी बोललेला नाही.

या वेळी मी बोलणार नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे माघार घेता येणार नाही. त्याने आधी बोलायचं. नाही बोलला तर परत गेल्यावर मी लेकीकडे राहायला जाणार. पुढचं पुढे बघू. पण आता माझ्यात आणखी एक अबोला शिल्लक नाही.

५ सप्टेंबर

चार हजार दोनशे मीटर. पाण्याची शेवटची जागा, त्यानंतर दोन दिवस कॅन. दुपारनंतर वारा सुटतो तो अंधार पडेपर्यंत. दातांत रेती.

डॉक्टर सकाळी दोनदा ओकले आणि दुपारी ठणठणीत झाले. गाइड म्हणाली असं होतं, पहिल्याच झटक्यात निघून जातं ते बरं.

त्याचंही डोकं दुखत असावं. माझ्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढलेली दिसली, तीन कमी होत्या. मागितल्या असत्या तर मी दिल्या असत्या. मागायचं म्हणजे बोलायचं.

संध्याकाळी दोरीवर सगळे नीट चाललो. गाइडने त्याला विचारलं, "साहेब, आज काय पाहिलंत?"

"दगड."

"आणि?"

"मोठे दगड."

स्वयंपाकीसुद्धा हसला. मग त्याने डॉक्टरांच्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू खिशातल्या पेचकसाने बसवून दिला. एवढ्या वाऱ्यात, तंबूच्या दारात बसून. स्क्रू तिळाएवढा. हात जरासुद्धा हलला नाही. तो असा दुसऱ्याचं काही करत असला की मला बघत बसावंसं वाटतं. तेवढ्यात त्याने वर पाहिलं. मी नजर काढून घेतली.

६ सप्टेंबर

खिंडीच्या पायथ्याशी मुक्काम. चार हजार आठशे.

आज तो कोणाशीच बोलला नाही. डॉक्टरांशीही नाही. म्हणजे आता सगळ्यांवर राग. एकोणीस दिवसांच्या वेळीही असंच झालं होतं, आधी मी, मग लेक, मग दुकानात येणारी गिऱ्हाइकं. पुतण्या फोन करून विचारायचा, काकांना काय झालंय.

चालायचं तेही सर्वांच्या मागे. डॉक्टर थांबून थांबून त्याला हाक मारत होते. नंतर त्यांनीही सोडून दिलं. "वहिनी, तुमच्या साहेबांनी मलाही वाळीत टाकलं," म्हणाले.

दुपारी सूप घेतलं नाही. स्वयंपाक्याने त्याच्या हातात दिलेला चहा त्याने मांडीवर सांडला आणि पुसलाही नाही. तसाच बसला. स्वयंपाक्याने फडकं आणून पुसलं. त्या माणसासमोर मला लाज वाटली. राग माझ्यावर आहे ना, मग दुसऱ्याला का राबवायचं.

खेचरवाला म्हणाला साहेब खडकामागे ओकले. काल डॉक्टर ओकले, आज हा.

संध्याकाळी दोरीवर तीन पावलं गेला आणि खाली बसला. डॉक्टर म्हणाले, "सत्याग्रह." गाइड हसली नाही. तिने विचारलं, "साहेब, घरून निघताना कुलूप कोणी लावलं?" त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "मीच लावलं. ते आधीच खाली जाऊन उभे राहिले होते." सवयच झाली आहे. पाहुण्यांसमोर तो असा बसला की त्याची उत्तरं मीच देते. लोकांना काही वाटू नये.

नंतर गाइडने मला स्वयंपाकाच्या तंबूत बोलावलं. स्टोव्हजवळ बसायला जागा करून दिली.

"ताई, खरं सांगा. हे रागाचं आहे की डोक्याचं?"

"रागाचं."

"मला तसं वाटत नाही. दोरीवर बसलेच एकदम."

"मुद्दाम. रागात असले की कोणी सांगितलेलं करत नाहीत. सांगितलं म्हणून तर नाहीच."

ती स्टोव्हची वात कमीजास्त करत राहिली. मग म्हणाली, "उद्या खिंड ओलांडली की पलीकडे वाडग्यासारखी जागा आहे. चहूबाजूंनी चढ. दोन दिवस तिथून खाली उतरायला वाट नाही. बाहेर पडायचं तर आधी वर चढावं लागतं. आज काही असेल तर आत्ता दोन तासांत त्यांना खाली नेता येईल. म्हणून विचारते. साहेब असे याआधी झालेत?"

"पन्नासदा झालेत. सत्तावीस वर्षं ओळखते मी त्यांना."

"तुम्ही म्हणता तर," ती म्हणाली.

बाहेर आले तर तो तंबूच्या दोरीला अडखळून पडला होता आणि तसाच पडून आकाशाकडे बघत होता. मी ओलांडून आत गेले. खेचरवाल्याने उठवलं.

७ सप्टेंबर

पाच हजार दोनशे. खिंड.

सहा तास लागले. वीस पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा वीस. डोक्यात एकच वाक्य घोळत होतं आणि ते कुठलं ते आता आठवत नाही.

तो वाटेवरून चालतच नव्हता. वाट सोडून दोन हात डावीकडे, मग उजवीकडे. मी पुढे गेले की तो बाजूला, मी मागे राहिले की तो दुसऱ्या बाजूला. माझ्या सावलीतही यायचं नव्हतं त्याला. खेचरवाल्याने शेवटी त्याचा दंड धरला.

जाकिटाची बटणं खालीवर लागली होती. वरचं एक मोकळं, गळ्याशी कापड वर आलेलं. चौतीस वर्षं ज्याने लोकांच्या नाकावर चष्मा केसभरही तिरका बसू दिला नाही, तो असा. त्याला माहीत आहे मला असलं बघवत नाही. दोन वेळा माझे हात वर आले. दोन्ही वेळा खिशात घातले.

खिंडीत दगडांची एक रास आहे. तिला टेकून सगळे बसलो. पलीकडे ती वाडग्यासारखी जागा, तळाशी मिठाचं पांढरं तळं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं मोकळं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तो मात्र आम्ही आलो त्या बाजूला तोंड करून बसला. पांढऱ्या तळ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. याच्यासाठीच तर आला होता.

तेव्हा माझ्या ओठांवर आलं. "अहो, इकडे बघा." एवढंच. तोंड उघडलंही होतं. मग मनात आलं, झालं, पुन्हा मीच.

गाइडने त्याच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "साहेब, ठीक ना?" त्याने मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजरेनेच सांगितलं, चला.

उतरताना तो दोनदा बसला. गाइडने एकदा त्याच्या बोटाला यंत्र लावलं. साठ. मग माझ्या बोटाला. एकाहत्तर. डॉक्टरांचं अडुसष्ट. "सगळ्यांची बोटं बर्फ झालीत," ती म्हणाली. पण तिने तो आकडा पुन्हा घेतला, त्याचा हात आपल्या हातांत चोळून. दुसऱ्यांदा काय आला ते तिने सांगितलं नाही. त्याची पिशवी मात्र खेचरावर टाकली.

८ सप्टेंबर

तो बोलला.

आधी तो बोलला. वेळ लिहून ठेवते: दुपारचे तीन.

आज तळ्याकाठी मुक्काम, विश्रांतीचा दिवस. सकाळपासून तो झोपूनच होता. गाइड दोनदा डोकावली. तिने त्याला चमच्याने पाणी पाजलं, ते त्याने गिळलं. बारानंतर वारा एवढा सुटला की तंबूचं कापड चेहऱ्यावर येत होतं. मी कोपऱ्यात बसून मोजे शिवत होते. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "पाऊस थांबला का?"

मला वाटलं भास झाला. मग तो म्हणाला, "दुकान उघडायचं राहिलं. किल्ली दे."

शब्द जरा ओढलेले होते, झोपेतून उठलेल्या माणसासारखे. मला हसू आलं. इथे पाऊस! दुकानाची किल्ली पुतण्याकडे आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. सत्तावीस वर्षांत त्याला माफी मागता आलेली नाही, आज थट्टा करायला सुचली. असं काहीतरी बोलून कोंडी फोडायची, म्हणजे आधी बोलल्यासारखंही होत नाही. त्याच्या रीतीने त्याने हार मानली.

मी म्हटलं, "पुतण्या उघडेल. तुम्ही झोपा."

"बरं," तो म्हणाला.

मी त्याची बटणं काढून पुन्हा नीट लावली. त्याने लावू दिली. लहान मुलासारखा माझ्या हातांकडे बघत होता. मग झोपला. आता घोरतो आहे, जोरजोरात, मध्येच श्वास अडकतो आणि पुन्हा सुरू होतो. इतका गाढ तो कित्येक महिन्यांत झोपला नव्हता.

साडेचारला गाइड आली. "उठवते साहेबांना, दोन वाक्यं बोलू दे माझ्याशी."

मी बाहेर जाऊन तिला सांगितलं, "बोलले. मिटलं आमचं."

"काय बोलले?"

"घरचंच. दुकानाचं."

तिचा चेहरा सैल झाला. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुटले बाई. दोन रात्री मी जागीच आहे. झोपू दे मग."

मी जिंकले असं लिहिणार होते. तसं वाटत नाहीये. पण बरं वाटतंय. परत गेल्यावर लेकीकडे जाण्याचं कारण उरलं नाही.

९ सप्टेंबर

सकाळी सहा. उठत नाही.

गाइडने हाताला चिमटा काढला, हात मागे घेत नाही. डोळ्यांत बॅटरी टाकली. मला म्हणाली बाहेर थांबा.

सात. इंजेक्शन दिलं. ऑक्सिजनचा सिलिंडर लावला. गाइडच्या फोनवरून बोलणं झालं. हेलिकॉप्टर उद्या सकाळी, तेही वारा असला तर नाही. सिलिंडर दुपारपर्यंत पुरेल. उद्याची वाट बघायची नाही म्हणते. खेचरावर बांधून खिंडीवरून परत न्यायचं.

मी विचारलं, खाली न्यायचं ना? मग वर का?

तिने उत्तर दिलं नाही. उत्तर तिने सहा तारखेलाच, स्टोव्हजवळ, दिलं होतं.

१२ सप्टेंबर

खालच्या गावात आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मला कॉट दिली आहे. लेक उद्या पोहोचेल.

तो वाटेतच गेला, खिंडीच्या खाली. माथा दिसत होता. वेळ मी पाहिली नाही, गाइडने पाहिली, एक वाजून दहा मिनिटं.

त्याला खेचरावर पालथा घातला होता, गादी खाली घालून. एका बाजूने खेचरवाला, एका बाजूने स्वयंपाकी. गाइड सिलिंडर घेऊन. मी डोक्याजवळ. मी वाटभर बोलत होते. सगळं बोलले. तुमचा चष्मा माझ्या खिशात आहे. हे बघा, उजेड आला. मी थट्टा करायला नको होती लोकांसमोर. लेकीला फोन करायचाय. तुम्हाला खायला काय करू. पुढच्या वर्षी समुद्रावर जाऊ, नको, तुम्ही म्हणाल तिथे जाऊ. धाप लागून शब्द तुटत होते तरी बोलत होते. गाइड म्हणाली, "ताई, दम राखा." मी दम राखला नाही. पाच दिवसांचं साठलेलं होतं, की सत्तावीस वर्षांचं, ते सांगता येत नाही.

मग तिने खेचर थांबवलं.

इथले डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूला सूज येते. आधी डोकं दुखतं. मग माणूस गप्प होतो. तोल जातो, हातांना बारीक काम जमत नाही, भलतंच बोलतो, मग झोप. वेळेत हजार मीटर खाली आणलं की बहुतेक जण वाचतात. त्यांनी विचारलं, "गप्प कधीपासून होते?"

मी म्हटलं, "तीन तारखेपासून."

"तीनला तर तुम्ही गावातच होतात. तेव्हापासून?"

मला सांगता येईना. तो रागाने गप्प होता. मग कुठल्यातरी दिवशी, बहुधा सहा तारखेला, राग संपला असेल आणि दुसरंच सुरू झालं असेल. त्या दोन अबोल्यांमधली रेघ कुठे होती ते मला दिसलं नाही. मी त्याच्यापासून चार हातांवर होते.

दातांचे डॉक्टर व्हरांड्यात बसून आहेत. आत यायला धजत नाहीत. संध्याकाळी दाराशी येऊन म्हणाले, "वहिनी, मला वाटलं तुमचं आपसातलं आहे." चष्मा काढून पुसत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो घाईने खिशात टाकला.

२१ सप्टेंबर

घरी. माणसं येतात, जातात. सगळे म्हणतात नशीब. सगळे म्हणतात निदान त्याच्या आवडीच्या जागी गेला. मी मान हलवते. हो की नाही ते त्यांना कळत नाही.

आज दुपारी ही वही फाडायला घेतली. सहा ते आठची पानं. शिवण उसवून काढली असती तर कोणाला कळलं नसतं. बोटं पानावर ठेवून बराच वेळ बसले. मग बेल वाजली, वर्तमानपत्राचं बिल.

पानं आहेत अजून.

२३ सप्टेंबर

गाइडचा फोन आला. चौकशी होईपर्यंत तिचा परवाना काढून घेतला आहे. ते तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं. स्वयंपाकी दुसऱ्यांकडे कामाला गेला.

"एकच विचारायचं होतं, ताई. त्या दिवशी स्टोव्हजवळ मी तुम्हाला विचारलं होतं ना? रागाचं की डोक्याचं?"

"विचारलं होतं."

पलीकडे वारा ऐकू येत होता, की फोनचीच खरखर.

"बस," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं की मी विचारलंच नाही. झोपेत रोज तिथपर्यंत येते आणि विचारायचं राहून जातं. तरी उठवायला हवं होतं मी त्यांना. तुम्ही काहीही म्हणालात तरी."

मी काही म्हणायच्या आत तिने ठेवला.

२९ सप्टेंबर

लेक जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. परवाना देणाऱ्या कार्यालयाला तक्रार लिहीत होती. दहा दिवस ती याच कामात आहे. रडण्यापेक्षा बरं, असं मी मनात म्हणायचे. तिने उंचीवरच्या आजाराबद्दल एवढं वाचलं आहे की आता तीच मला समजावून सांगते. कुठल्या उंचीला किती मुक्काम हवेत, सिलिंडर किती हवेत.

"त्या बाईला पुन्हा कोणाला वर नेता येणार नाही असं करणार आहे मी," ती म्हणाली. "आई, तारखा सांग. खिंड सातला?"

"सातला."

"दोरीवरून चालायची ती चाचणी, बाबांना जमली नाही ती कधी?"

"सहाला. संध्याकाळी."

ती टाइप करत होती. बोटं त्याच्यासारखी आहेत, लांब, टोकाला चपटी. "म्हणजे सहाला तिला दिसलं होतं. दिसलं होतं आणि तरी सातला खिंड ओलांडली." तिचा आवाज चढला. "बाबा नीट असं शेवटचं कधी बोलले?"

"पाचला."

"आणि सहा, सात, आठ? तीन दिवस माणूस बोलत नाही आणि गाइडला कळत नाही? कान असतात ना माणसाला? आपल्या घरात बाबा बोलत नसले की दाराशी आलेल्यालाही कळायचं!"

असं म्हणून ती एकदम थांबली. तिने स्क्रीनवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. ती या घरात वाढली आहे. एकोणीस दिवस ती आमच्या दोघांच्या मध्ये बसून अभ्यास करत होती.

"आई, तुमचं भांडण झालं होतं का तिकडे?"

पंखा फिरत होता. समोर तिचा चहा होता, साय धरलेला. नाही म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं. तिला मान्य करायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने हात पुन्हा बटणांवर ठेवले होते, पुढचं वाक्य लिहायला.

"झालं होतं," मी म्हटलं. "मी ठरवलं होतं की या वेळी आधी बोलायचं नाही. गाइडला सहालाच शंका आली. तिने मला बाजूला नेऊन विचारलं, हे रागाचं आहे की डोक्याचं. आज खाली नेता येईल म्हणाली. मी सांगितलं, रागाचं. आठला ती उठवायला आली होती. मी उठवू दिलं नाही. मी सांगितलं, आमचं मिटलं."

स्क्रीनवर ती रेघ लुकलुकत होती, जिथे वाक्य थांबलं होतं तिथे.

बऱ्याच वेळाने तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला.

"मिटू नकोस," मी म्हटलं. "मी सांगते त्याच शब्दांत लिही."